चित्रफीत थांबवता आली पाहिजे

इतिहासाच्या तासाला चित्रफीत दाखवावी की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ती दाखवली जातेच. वर्गात पांढरा पडदा आला, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि पाच-सहा मिनिटांच्या चित्रफितींचा नुसता पाऊस पडू लागला. गडकिल्ले, लेणी, पेशवाई, वारी, लावणी, वारली चित्रे, काय हवे ते बोटाशी आहे. प्रश्न आहे तो ही फीत चालू असताना वर्गात काय घडते, हा. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुढच्या पानावरच्या कवितांकडे वळता येईल: जी चित्रफीत मध्येच थांबवून तिच्याशी दोन हात करता येत नाहीत, ती इतिहासाच्या वर्गात दाखवू नये.

पडद्यावरून शिकवण्याचे स्वप्न तसे जुनेच. शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि त्यांची जागा चित्रपट घेतील, असे भाकीत एडिसनने १९१३ साली केले होते. त्याच वर्षी आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पण त्याआधीच फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याचे रोज थोडे थोडे चित्रण करून एक छोटीशी फिल्म केली होती. म्हणजे पाहू गेल्यास आपला पहिला शैक्षणिक लघुपट ‘हरिश्चंद्रा’हूनही वडील! पुढे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघाले. त्याचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात आणि तेवढ्या वेळात मंडळी बाहेर चणे-फुटाणे घेऊन येत, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. १९८४ साली दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम सुरू झाले; त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. ती २०१७ साली बंद पडली. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पुस्तके मात्र, एडिसनसाहेबांची क्षमा मागून सांगते, आमच्या ग्रंथालयात अजून आहेत. वाचक किती आहेत, तो विषय वेगळा.

यावरून कोणी मला चित्रफितींची शत्रू ठरवू नये. काही गोष्टी अशा आहेत की त्या पुस्तकाने कितीही वर्णन केल्या तरी डोळ्यांपुढे उभ्या राहत नाहीत. मोटेचेच पाहा. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. अष्टकोनी घडण, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि विहिरीतच बांधलेला छोटा महाल. आपल्यापैकी अनेकजण तिथे जाऊन छायाचित्रे काढून आले असतील. पण त्यातल्या कितीजणांना मोट चालते कशी हे सांगता येईल? पाठ्यपुस्तकात एक वाक्य असते: “मोटेने पाणी काढले जाई.” झाले! आता हेच पडद्यावर पाहा. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली निघते, नाडा ताणला जातो, चाक कुरकुरते, चामड्याची मोट वर येते. तिची सोंड पातळ दोराने, म्हणजे सोंदुराने, वर धरून ठेवलेली असते. ती थारोळ्याशी आली की खाली येते आणि पाणी भळ्ळकन पाटात पडते. मग बैल मागच्या पावलांनी धाव चढून पुन्हा मूळ जागी येतात. बैलांना असे मागे चालायला शिकवावे लागे, हे मला अशाच एका चार मिनिटांच्या चित्रफितीने शिकवले, कुठल्याही ग्रंथाने नाही. एकदा हे पाहिले की विहिरीच्या काठावरची मोटेची ठिकाणे नुसती दगडाची राहत नाहीत. तिथे बारा बैलजोड्या, बारा माणसे, त्यांच्या हाका आणि मोटेवरची गाणी ऐकू येऊ लागतात. जिथे हाताची कृती आहे, वस्तूची हालचाल आहे, तिथे चित्रफितीला तोड नाही. हातमाग, जाते, घाणा, मोडी लिहिणाऱ्याच्या बोरूचे वळण, सगळे असेच.

पण इतिहास म्हणजे काय काय होते याची नुसती यादी नव्हे. ते तसेच होते हे आपल्याला कशावरून कळले, हा त्याचा खरा गाभा आहे. आणि नेमके इथे चित्रफीत गप्प बसते. नव्हे, ती इतक्या मोठ्या आवाजात बोलते की हा प्रश्न कोणाला सुचतच नाही. सिंहगडाचे उदाहरण घेते. १६७० सालच्या त्या रात्रीवरच्या किती चित्रफिती मी पाहिल्या असतील, याची मोजदाद नाही. बहुतेक सर्वांत घोरपड आहे, ढोल-ताशे आहेत, विजा चमकतात आणि शेवटी तानाजीच्या मृत्यूनंतर महाराज कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव देतात. पाहताना माझ्याही अंगावर काटा येतो, खोटे का बोलू? परंतु राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे माणसेच कडा चढून जातात. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. आणि नावाचे म्हणाल, तर शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रातच ‘सिंहगड’ हा शब्द आहे, म्हणजे तानाजीच्या पराक्रमाच्या सात वर्षे आधी!

याने तानाजी लहान होतो का? मुळीच नाही. उलट घोरपडीची शेपटी न धरता जी माणसे अंधारात तो कडा चढली, त्यांचे धाडस मला अधिकच मोठे वाटते. पोवाडाही खोटा म्हणून टाकून देण्याची वस्तू नव्हे. लोकांनी हा प्रसंग कसा मनात जपला, याचे ते साधन आहे. पण बखर, पोवाडा आणि पत्र या तीन साधनांची जात वेगळी, वजन वेगळे. चित्रफीत या तिघांना एकाच रंगात बुडवून काढते. पुस्तकात निदान तळटीप असते. विजेच्या लखलखाटाला तळटीप नसते. आणि आता तर यंत्राकडून हवा तो दरबार, हवा तो चेहरा घटकेत तयार करून घेता येतो. परवा एका चित्रफितीत सतराव्या शतकातल्या मावळ्यांच्या हाती चक्क दुर्बिणीची बंदूक होती, आणि खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते.

म्हणून थांबवण्याचे महत्त्व. अशी चित्रफीत सरांनी घोरपडीपाशी थांबवावी, सभासदाचा उतारा वाचून दाखवावा आणि विचारावे, “आता बोला!” पन्नास मिनिटांच्या तासात पाच मिनिटांची फीत आणि पंचेचाळीस मिनिटांचे भांडण, हे प्रमाण मला आदर्श वाटते. चित्रफीत सहा मिनिटांहून मोठी नसावी असा एक दंडक हल्ली सांगितला जातो. त्याला आधार आहे तो २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचा: ऑनलाइन अभ्यासक्रमांतील व्हिडिओ लोक किती वेळ पाहतात, याची त्यात पाहणी केली होती. अभ्यासक्रम चार, आणि विषय संगणक, रसायन, संख्याशास्त्र अशा जातीचे. इतिहासाचा एकही नव्हता. तेव्हा विद्यार्थ्यांचे लक्ष टिकत नाही म्हणून फीत छोटी हवी, हे मला मान्य नाही. आम्ही तीन तासांचे नाटक टक लावून पाहतो. फीत छोटी हवी ती बोलायला वेळ उरावा म्हणून.

हे काही मी नवीन सांगत नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकेक करून समोर धरायची आणि वाद्याच्या साथीने गात-बोलत कथा सांगायची. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे आपली मूळची चित्रफीतच म्हणा ना! फरक एवढाच की चित्र पुढे कधी सरकवायचे हे सांगणाऱ्याच्या हातात असते. समोर म्हातारीकोतारी असतील तर सीतेच्या चित्रापाशी तो रेंगाळेल. पोरे चुळबुळू लागली तर मारुतीला लवकर आणील. कोणी मध्येच शंका काढली तर उत्तर द्यायला तो तिथे बसलेला आहे.

आमच्या काही वर्गांत मात्र सांगणाराच उठून जातो. फीत लावून प्राध्यापक कार्यालयात एखादा तक्ता भरायला जातात, आणि अंधाराचा फायदा घेऊन मागच्या बाकांवर निद्रादेवीची आराधना सुरू होते. किंवा तास होत नाही आणि गटावर एक दुवा येऊन पडतो: “हे पाहून घ्या.” अभ्यासक्रम लांब, वर्ष तोकडे, वरून माहिती भरण्याची कामे रोज नवी, हे सारे मी जाणते आणि प्राध्यापकांविषयी आदर ठेवूनच लिहिते. पण दुवा पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे, हेही कोणीतरी लिहायला हवे होते. विद्यार्थीही काही कमी नाहीत. मूळ साधन मागण्याऐवजी “सर, याचा एखादा व्हिडिओ आहे का?” असे विचारणारे आम्हीच.

माझी एक सूचना आहे. पाहणे पुरे झाले, आता आपणच एखादी फीत करू. आपल्या परिसरातल्या गावांत ज्यांनी तरुणपणी मोट हाकली ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. विजेचे पंप आले तशा मोटा अडगळीत गेल्या, चामडे कुसले, चाके कुठे परसात पडून आहेत. बैलाला मागे चालायला कसे शिकवत, थारोळ्यापाशी मोट नेमकी कधी रिकामी होई, पहाटे किती वाजता जुंपत, पाण्याची पाळी कोणाची आधी आणि कोणाची नंतर, कोणाला त्या विहिरीचे पाणी भरूच दिले जात नसे, हे सगळे त्यांना विचारायचे आहे. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तो गाळला तर आपली फीतही ढोल-ताशांचीच होईल. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत ठेवू, आणि दोन आजोबांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही ठेवू.

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले आठ दिवस त्यासाठी धरले आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी इतिहास विभागात नाव द्यावे. मोबाईल सर्वांकडे असतोच. वही मात्र आठवणीने आणावी.