चार पेन्स ते पदक

वेल्समध्ये हवेल दा या राजाच्या नावाने ओळखले जाणारे मध्ययुगीन कायदे आहेत. त्यांत मांजराचा भाव ठरवून दिला आहे. डोळे उघडण्याआधी पिल्लाची किंमत एक पेनी, पुढे उंदीर मारेपर्यंत दोन, उंदीर मारला की चार. दिसणे, ऐकणे, नख्या शाबूत असणे, पिल्लांना पाजणे, यांत खोट निघाली तर तिसरा हिस्सा परत. रंगरूपाने भाव वाढत नसे.

आज ब्रिटिश शॉर्टहेअर म्हणून मिरवणारे मांजर याच कामकरी मांजरांच्या कुळातले. गोल डोके, फुगीर गाल, आखूड जाड पाय, मखमलीसारखी दाट आखूड लव. नर सात-आठ किलोंपर्यंत भरतो. ज्याला ‘ब्लू’ म्हणतात तो रंग खरे तर राखाडी. स्वभाव शांत, अंगावर झेपावण्यापेक्षा जवळ येऊन बसणारा.

हॅरिसन वेअर या चित्रकाराने १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. कोठारातल्या, गल्लीतल्या मांजराकडे लोकांनी आदराने पाहावे, ही त्याची तळमळ होती. नॅशनल कॅट क्लबचा तो पहिला अध्यक्ष झाला. आणि नंतर त्याने ते पद सोडले, कारण सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा पदकांची ओढ जास्त होती. माझ्या मते या जातीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रसंग हाच.

पुढे लांब केसांच्या पर्शियनची चलती झाली. दोन महायुद्धांत माणसांनाच अन्न पुरेना, तिथे पैदाशीची मांजरे कोण सांभाळणार? जात संपत आली. ती वाचवण्यासाठी पर्शियन आणि इतर मांजरांशी संकर करावा लागला. म्हणजे ‘शुद्ध’ म्हणून आज विकले जाणारे रक्त मिश्रच आहे, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

पण पर्शियनकडून एक दुखणेही आले. मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी वाढत जातात आणि मांजर हळूहळू खंगते. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आले तरी पुरते. ते ओळखणारी डीएनए चाचणी आता उपलब्ध आहे.

तेव्हा पिल्लू घ्यायला जाल त्या दिवशी वंशावळीचा कागद बाजूला ठेवा आणि आईबापांच्या मूत्रपिंडांच्या चाचणीचा अहवाल आधी मागा. तो दाखवत नसतील, तर तिथून पिल्लू घेऊ नका.