कपाट भरलेलं, तरी घालू काय?

सकाळचे पावणेनऊ. पलंगावर कपड्यांचा डोंगर, एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात हँगर आणि तोंडी समस्त नोकरदार वर्गाचा लाडका डायलॉग, 'माझ्याकडे घालायला काही नाहीच्चे!' काय, ओळखीचं वाटतंय? मग या, बसा. आज आपल्या सगळ्यांच्याच जखमेवर जरा मीठ चोळायचंय. सुरुवात अर्थातच माझ्यापासून.

गेल्या वर्षीची गोष्ट. कोरेगाव पार्कातल्या एका ऑफिसात मीटिंग होती. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे दिवस थोडे. सहा महिन्यांचं काम, वेळेवर पैसे (असं ते म्हणत तरी होते) आणि विषयही माझ्या आवडीचा, शहरात काम करणाऱ्या बायका. रात्री जागून मी पीएमपीच्या महिला कंडक्टरांवरची एक आयडिया लिहून काढली होती. तयारी एकदम ए-वन. फक्त 'घालू काय' हा प्रश्न सकाळपर्यंत शिल्लक राहिला होता.

मग काय, ऐन वेळी मैत्रिणीचा ब्लेझर उसना घेतला. ती माझ्याहून चांगली चार इंच उंच आणि सडपातळ. तिच्या अंगावर तो झक्कास दिसतो. माझ्या अंगावर बाह्या बोटांपर्यंत आल्या आणि पोटावरचं बटण लावलं की श्वास बंद! खाली कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली ट्राऊझर. तिचं हूक लागत नव्हतं, म्हणून सेफ्टी पिन. त्या खोलीत मी दीड तास बसले आणि त्यातला सव्वा तास माझं सगळं लक्ष पोटावर. पोट आत घे, बाही वर कर, पिन जागेवर आहे ना? समोरच्या मॅडमनी विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' आणि मी म्हटलं, 'हो, चालेल की.'

बस्स. इतकंच बोलले. महिला कंडक्टर बॅगेतच राहिल्या. काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. तोंडच न उघडणाऱ्या मुलीला कोण काम देणार?

घरी येऊन ती पिन काढली, तर पोटावर लाल वळ उठला होता. तो बघून मी जी रडले, ती कामासाठी की ट्राऊझरसाठी, हे अजून ठरलेलं नाही.

ढिगाचं पोस्टमॉर्टेम

त्या रविवारी सगळं कपाट रिकामं केलं आणि तीन ढीग लावले. 'गेल्या महिन्यात घातलेले', 'घालता येतील असे' आणि 'कधीतरी'. पहिल्या ढिगात ११ कपडे. तिसऱ्या ढिगात ३४! म्हणजे बघा, कपाट फुटेस्तोवर भरलेलं आणि आपण जगतोय त्या ११ कपड्यांवर.

'कधीतरी'मध्ये कोण कोण होतं? एफसी रोडवर घासाघीस करून घेतलेले टॉप (घेतले कारण स्वस्त होते, घातले नाहीत कारण स्वस्त दिसत होते). चुलतबहिणीच्या लग्नात एकदाच घातलेला अनारकली. आणि आठ जीन्स-ट्राऊझरी. त्या ठेवायचं कारण एकच, 'बारीक होईन तेव्हा'.

मंडळी, माझ्या कपाटातली खरी व्हिलन ही आठ जणं. २०२०मध्ये आपण सगळे घरात बसलो, पुढची दोनेक वर्षं लॅपटॉप मांडीवर आणि चिवड्याचा डबा शेजारी. माझा घेर वाढला तो वाढलाच. पण कपडे तेच, पास होण्याची वाट बघत उभे. रोज सकाळी कपाट उघडलं की ती आठ जणं विचारायची, 'काय, झालीस का बारीक?' दिवसाची सुरुवातच नापासाच्या शेऱ्यानं झाल्यावर मीटिंगमध्ये कॉन्फिडन्स कुठून येणार हो?

शेवटी आईला फोन लावला. तिनं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अगं, तुझ्या शाळेच्या पिनाफोरला मी आतून चार बोटं दुमड घालून घ्यायचे. दर जूनमध्ये उसवून खाली सोडायचे. तू वाढलीस म्हणून कधी तुला ओरडले का? कापडच सोडलं ना?'

खटकन आठवलं. त्या जुन्या दुमडीची रेघ पिनाफोरवर दिसायची. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या युनिफॉर्मवर तशीच रेघ. कुणालाच त्याची लाज नव्हती. मग मधल्या वर्षांत असं काय झालं की कपडा बसला नाही तर गुन्हेगार आपण?

लेबलवरचा आकडा कुणाचा?

एका दुकानात मी 'मीडियम', रस्ता ओलांडला की 'एक्सएल'. चार पावलांत एवढं वजन वाढत असेल तर मग बोलायलाच नको. खरी गोष्ट अशी की आपल्याकडच्या रेडिमेड कपड्यांची मापं बऱ्याचदा ब्रिटिश-अमेरिकी तक्त्यांवरून, थोडीफार इकडेतिकडे करून आलेली. प्रत्येक ब्रँडची 'थोडीफार' वेगळी. हा घोळ मिटवायला निफ्टनं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीनं, 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. उद्दिष्ट होतं १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार भारतीयांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेण्याचं. एवढा खटाटोप करावा लागला, याचाच अर्थ घोळ तक्त्यात होता, तुमच्या-माझ्या कमरेत नाही. तेव्हा लेबलवरचा आकडा हा दुकानाचा हिशेब समजा. तुमचे मार्क नव्हेत.

हे ज्ञान घेऊन मी आठही ट्राऊझरी पिशवीत कोंबल्या आणि आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले. 'काका, या मोठ्या होतील का?' काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एकेक ट्राऊझर उलटी केली आणि मागची शिलाई चिमटीत धरून बघितली. 'या तिघींना मार्जिन आहे, सोडून देतो. बाकीच्यांना कापडच ठेवलेलं नाही. द्या कुणाला तरी.' पाच मिनिटांत निकाल! ज्या कपड्यांनी मला चार वर्षं छळलं, त्यांची केस काकांनी चहा थंड व्हायच्या आत बंद केली. तीन वाचल्या, पाच देऊन टाकल्या. शिलाईचे पैसे झाले एका टॉपच्या किमतीहून कमी.

जाता जाता काकांकडून जे शिकले, ते तुमच्यासाठी :

खांदा आधी बघा. शर्ट, कुर्ता, ब्लेझर काहीही असो, खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसायला हवी. कंबर, लांबी, बाही सगळं नंतर करून मिळतं. खांद्याला हात लावायचा म्हणजे बाही, मुंढा सगळं उसवणं आलं. खांदा बसत नसेल तर सरळ हँगरला परत.

बसून बघा. ट्रायल रूममध्ये आपण सगळे उभे, तेही पोट आत घेऊन. आणि ऑफिसात? आठ तास खुर्चीत. म्हणून आत बसा, वाका, स्कूटीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. पाठीत ताणलं, बटणांत फट पडली, तर मोठा साइझ मागा. लाजू नका, लेबल आतल्या बाजूला असतं!

फट पडतेच का? शर्टच्या छातीवरच्या दोन बटणांच्या मध्ये आतून एक छोटं टिचबटण लावून घ्या. बाहेरून दिसत नाही, आणि दर दहा मिनिटांनी खाली बघणं बंद.

मुलांनो, तुम्हीही ऐका. हिंजवडीतला माझा एक मित्र शर्ट खोचला की तंबूसारखा दिसायचा. टेलरनं पाठीला दोन डार्ट घातले आणि खेळ खलास. त्याच शर्टाला आता ऑफिसात विचारतात, 'नवीन का रे?'

'पण सगळे बघतील ना!'

हा आपला दुसरा लाडका डायलॉग. तोच कुर्ता परवाच घातला होता, सगळे काय म्हणतील? यावर अमेरिकेत एक मजेशीर प्रयोग झालाय. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांनी बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. कॉलेजातल्या मुलांना जाम लाज वाटावी असा टी-शर्ट बरं का! तो घालून भरल्या खोलीत जायचं आणि नंतर सांगायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? बिचाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांच्या. प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम पाव लोकांनी.

म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच लोक आपल्याकडे बघत असतात. बाकीचे कशात बिझी असतील? त्यांच्या स्वतःच्या पोटात, बाहीत आणि सेफ्टी पिनेत. माझ्या त्या मीटिंगमध्ये समोरच्या मॅडमनी काय घातलं होतं, देवाशपथ, मला आठवत नाही.

मग आपली स्टाइल कुठली?

सोप्पंय. पुन्हा त्या ११ कपड्यांकडे चला. मी ते पलंगावर ओळीनं मांडले आणि त्यांच्यात सारखं काय आहे, ते लिहून काढलं. सगळे सुती. बाही कोपराच्या खाली, कारण पुण्याच्या उन्हात स्कूटी. गळा बंद. रंग गडद. आणि ११पैकी नऊ कपड्यांना खिसे! मासिकांतल्या मॉडेल्स बघून मी जे जे आणत होते, ते नेमकं याच्या उलट. पेस्टल, स्लीव्हलेस, बिनखिशाचं. तुमचे हात रोज सकाळी आपसूक ज्या कपड्यांकडे जातात ना, तीच तुमची स्टाइल. ती तुमच्याकडे आधीपासून आहे. तिच्यासाठी शॉपिंगला जावं लागत नाही.

आणि 'कधीतरी'साठी ठेवलेल्या चांगल्या कपड्यांचं काय? २०१५मध्ये अंजू मौद्गल कदम आणि अॅली मॅथन या बंगळुरूच्या दोघींनी '१०० सारी पॅक्ट' सुरू केला होता. वर्षभरात १०० वेळा साडी नेसायची आणि त्या साडीची गोष्ट सांगायची. बघता बघता देशभरातल्या बायकांनी कपाटं उघडली. नेसायला मुहूर्त कसला हवा, एवढाच तो मुद्दा. मला रोज साडी जमणारी नाही. पण आईच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले दोन खण मी मागून घेतले. गडद जांभळे, लाल काठाचे. टेलरकाकांनी त्याचं जाकीट शिवलं. खांदा परफेक्ट, आणि दोन खिसे. 'आत मार्जिन ठेवलंय हं ताई,' काका म्हणाले.

या जानेवारीत पुन्हा एक मीटिंग आली. दुसरं ऑफिस, दुसरी माणसं. सैल केलेली काळी ट्राऊझर, पांढरा सुती शर्ट, वर खणाचं जाकीट. आता तुम्ही म्हणाल, कपड्यानं कॉन्फिडन्स दिला! छे हो. २०१२मध्ये एक संशोधन गाजलं होतं. डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातला की लोकांचं लक्ष जास्त चांगलं लागतं, आणि तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला की तसं होत नाही, असं त्यात दिसलं. पण त्या संशोधनातला एक प्रयोग २०१९मध्ये पुन्हा करून पाहिला, तर तसा निकाल आला नाही. त्यामुळे जाकीट घातलं की जादू होते, असं काही मी सांगणार नाही. माझ्यापुरतं झालं ते एवढंच, की त्या दिवशी माझ्या कपड्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. पोटाची आठवण झाली नाही, पिनेची नाही. सगळं लक्ष समोरच्या माणसांकडे राहिलं.

त्यांनी विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' मी वीस मिनिटं बोलले. महिला कंडक्टर अखेर बॅगेतून बाहेर आल्या. काम मिळालं का? अर्धं. सहाऐवजी तीन महिन्यांचं. पण ते बोलून मिळालं.

परवा पुन्हा तीच काळी ट्राऊझर जरा घट्ट वाटली. दिवाळी, दुसरं काय! मी ती उलटी करून बघितली. अजून अर्धा इंच मार्जिन आहे. हसले आणि पिशवीत टाकली.

तेव्हा दोस्तहो, या रविवारी तीन ढीग लावाच. 'बारीक होईन तेव्हा'वाल्यांना उलटं करून बघा. कापड असेल तर सोडून घ्या, नसेल तर देऊन टाका. आणि सोमवारी पावणेनऊला कपाट उघडाल, तेव्हा आत फक्त तुमच्या मापाची मंडळी असू द्या. काय?