बसऱ्याच्या पुढे

घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की ठाणेकर रस्त्याच्या नावानं बोटं मोडतो. याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, वसईच्या खाडीवर, पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोडे उतरत. घोडदळावाचून तेव्हा राज्य टिकत नसे आणि उमदं जनावर समुद्रापलीकडूनच यायचं. 1510 मध्ये गोवा आणि 1515 मध्ये होर्मुझ हाती आल्यावर, घोडे कुणाला विकायचे हे पोर्तुगीज ठरवू लागले. आज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून तेलाचे टँकर येतात. ठरवणारे तेवढे बदललेत.

तेलासाठी युद्ध म्हटलं की आपल्याला 2003चा इराक आठवतो. मराठी शिपाई तिथं त्याच्या कितीतरी आधी लढून आला. 1914 मध्ये ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर येत होतं, म्हणून सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले. कंपनीचा आबादानचा कारखाना तुर्की हद्दीला अगदी खेटून. तुर्कांशी जुंपताच नोव्हेंबरमध्ये पुणे डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर फावला उतरली. तीत 117वी मराठा पलटण होती. महिना संपायच्या आत बसरा पडलं. कारखान्याचा धोका टळला.

तिथं थांबता आलं असतं. पण बगदाद खुणावू लागलं, आणि बगदाद काही कारखाना राखायला लागत नव्हतं. तेल हे युद्धाला निघायचं कारण असतं. निघालेली फौज माघारी बोलवायचं कारण मात्र बड्या सरकारांना सहसा सापडत नाही, असं आमचं मत. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मार खाऊन डिव्हिजनचा सेनापती जनरल टाऊनशेंड मागं कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकला. रसद आटली तसे घोडे कापायला काढले. गोऱ्या सोजिरांनी ते खाल्ले. आपले बरेच शिपाई धर्मापायी कित्येक आठवडे त्या मांसाला शिवले नाहीत आणि खंगत गेले. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 जण शरण गेले. पुढच्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले.

गावातून किती माणसं महायुद्धाला गेली नि किती कामी आली, हे कोरलेल्या दगडी पाट्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत अजून आहेत. आम्ही पाहिलेल्या एकाही पाटीवर तेलाचा उल्लेख नाही.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग तेलाच्या राजकारणावर आहे. इराण, कुवेत, व्हेनेझुएला त्यात आहेतच. कुतला मात्र आम्ही हट्टानं पहिला मान दिलाय.

– संपादक