कोडे कोणी घालायचे?

शाळेत टॅब आले की पहिली चौकशी होते ती त्यांच्या संख्येची. किती आले, कोणी दिले, कोणाच्या हस्ते वाटले. त्यात काय भरले आहे हा प्रश्न मागाहून येतो. आणि शिक्षकाला त्यावर स्वतःचे काही रचता येते काय, हा तर बहुधा येतच नाही. २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब वाटले, ते दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी. हेतू चांगलाच होता. परंतु कागदावरचा धडा काचेवर आला एवढ्याने मुलाचे त्या धड्याशी असलेले नाते बदलत नाही.

ते बदलू शकते कोड्याने. कोडे हे अध्यापनाचे जुने साधन आहे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, आणि तुकडे जुळवता जुळवता मुले भूगोल शिकू लागली. अर्थात ती मुले सधन घरांतली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला उलटी वाट धरली. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने हाताशी घेतली. साधन मुलांच्या परिसरातून घडावे, हा त्यातला मुद्दा होता.

टॅबवरील कोडी रचण्याची अ‍ॅप त्याच वाटेने नेता येतील. गावच्या बाजाराचे छायाचित्र घेऊन त्याचे तुकडे करणे, जोड्या लावण्याचा खेळ मांडणे, शब्दकोडे बांधणे ही कामे आज सहज होतात. शिवाय तयार कोडी सोडवायला चाळीस मुलांना चाळीस टॅब लागतात. रचायला मात्र वर्गात एक पुरतो. रचलेले कोडे फळ्यावर उतरवता येते, फरशीवर खडूने आखता येते. आणि कोडे मुलांनीच रचले तर खरी कसोटी लागते. ‘बाष्पीभवन’ या शब्दाची व्याख्या पाठ म्हणून दाखवणारे मूल त्याच शब्दासाठी सूचक वाक्य लिहायला बसले की अडते. दोरीवरचे ओले कपडे आठवल्यावाचून ते वाक्य सुचत नाही.

येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती क्षुल्लक नव्हे. मराठी वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यात एका चौकोनात एक अक्षर बसते. ‘बाष्पीभवन’ला पाच घरे: बा, ष्पी, भ, व, न. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले अ‍ॅप मात्र काना, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह सुटे मोजते व याच शब्दाला नऊ घरे देते. संगणकासाठी लिप्यांना संकेतांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. पण जोडाक्षर एकसंध धरावे हा नियम त्याच्या मजकूर तोडण्याच्या मूळ नियमांत आला तो २०२३ मध्ये. नियम झाला म्हणून आधीची अ‍ॅप आपोआप सुधारत नाहीत. मग शिक्षकापुढे दोनच वाटा उरतात: इंग्रजी शब्दांची कोडी करणे, किंवा ‘कमल’, ‘गवत’ अशा काना-मात्रा नसलेल्या शब्दांवर भागवणे. सहावीचे विज्ञान ‘गवत’ या शब्दात मावत नाही. याची झळ लागते ती मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांतील मुलांना, म्हणजे ज्यांच्याकडे दुसरी शाळा निवडण्याची ऐपत नाही त्यांनाच.

बाजार ही उणीव भरून काढील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. खासगी अ‍ॅपवर रचलेली कोडी वर्गणी संपताच कुलूपबंद होऊ शकतात. शिक्षकाची मेहनत दुसऱ्याच्या कोठारात जाते. याउलट जीकॉम्प्रिस किंवा नॉर्वेत सुरू झालेले एचफाइव्हपी यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे कोणालाही उघडून दुरुस्त करता येतात. १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीने अशाच एखाद्या साधनाला मराठी अक्षर शिकवावे, ते नेटशिवाय चालेल आणि कोडे कागदावर छापून देईल असे करावे. हे काम एकदाच करायचे आहे, आणि त्याचा लाभ राज्यातील प्रत्येक शाळेला होईल.

राहिला शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न. ज्ञानरचनावादावर व्याख्याने पुष्कळ झाली. रचना करायला तास मात्र कोणी दिला नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७वे कलम जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई करते. त्या कलमाची बूज राखली तर आठवड्यातून दोन तास निघणे कठीण नाही. आणि पुढच्या टॅबखरेदीच्या निविदेत, चौकोनात जोडाक्षर अखंड बसले पाहिजे, ही एक अट घालायला तर वेगळा निधीही लागत नाही.