खिडक्यांमधला काळोख

राजवाड्याचं जुनं छायाचित्र हाती आलं की नजर आधी खिडक्यांवर जाते. त्या काळ्याभोर असतात आणि बघणाऱ्याला गेलेलं राज्य आठवतं.

नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्याला काळ्या खिडक्यांचं हे प्रतीक सहज चिकटतं. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी वारले, १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, जडजवाहीर कलकत्त्यात लिलावात निघालं. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला तो वाडा १८६४ च्या आगीत गेला; नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला.

पण काळोखाचं एक कारण कॅमेऱ्यात आहे. त्या काळी ओल्या रसायनाच्या काचेवर कित्येक सेकंद उजेड घ्यावा लागे. उन्हातली भिंत लख्ख उमटे, आतली खोली काळी राही. खिडकीशी कुणी हललं, तर ते पुसट होई किंवा उमटतच नसे. रिकाम्या दिसणाऱ्या खिडकीमागे भरलेलं घर असू शकतं.

म्हणून प्रतीक शोधण्याआधी नोंद हवी. महालातल्या ज्या घरांत वाड्यांची जुनी छायाचित्रं आहेत, त्यांनी पाठीमागे मऊ पेन्सिलीने जागा, साल आणि माणसांची नावं लिहावीत. सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत, तोवरच हे होईल.