पेटी कोणासाठी भरतो आहोत?



आंब्याचा हंगाम सुरू झाला की गावोगाव एकच गाऱ्हाणे ऐकू येते. "सायबानू, पेटी धाडलंय, पण पट्टी बघून डोळ्यांत पाणी इला." दलालाने दर पाडला, भाडे-हमाली कापली, वगैरे. गाऱ्हाणे खोटे नाही. पण मी उलट विचारतो, तुमची पेटी शेवटी फोडली कोणी? उत्तर येत नाही. वाशीच्या गाळ्याचा नंबर तोंडपाठ, आंबा खाणाऱ्याचा मात्र पत्ता नाही. घोडे इथेच पेंड खाते.

आमच्या खात्याचेही चुकते म्हणा. मोहोरावरच्या फवारण्यांचे वेळापत्रक आम्ही घरपोच देतो. आंबा कोणाला विकायचा यावर अवाक्षर काढत नाही.

शेजारच्या देवगडकडे पाहा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात सिंधुदुर्गासह कोकणचे पाच जिल्हे आहेत. तरीही कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपतच राहिला. तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर लावायचा सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर आणला. गिऱ्हाइकाने घरी बसून क्रमांक पडताळायचा, आंबा देवगडचा की नाही ते कळते. त्यांनी दलालाशी भांडत न बसता खाणाऱ्याच्या मनातली शंका ओळखली.

मग आपण मालवणवाल्यांनी काय करावे? पहिले म्हणजे खोक्यावर 'देवगड' छापणे बंद करावे. राग मानू नका, पण आपल्यातही हे चालते. परक्याला नावे ठेवायची आणि घरी तेच करायचे! मालवणचा हापूसही त्याच मानांकनाच्या हद्दीतला आहे. रीतसर नोंदणी करा आणि स्वतःचे, गावाचे नाव छापा.

दुसरे असे की, आपले गिऱ्हाईक आपल्या दारात येते. एप्रिल-मे महिन्यात किल्ला आणि तारकर्ली पाहायला मुंबई-पुण्याची, घाटावरची माणसे येतात, नेमका तेव्हाच आंबा असतो. त्यांना पाच डझनांची पेटी नको, गाडीत मावेल असा एक-दोन डझनांचा खोका हवा. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्याने रस्त्यावर घेतलेला खोका मला उघडून दाखवला. वर मोठी फळे, खाली बारकी, निम्मी कोवळी. ती पिकलीच नाहीत, सुरकुतली. तो माणूस पुन्हा मालवणात आंबा घेईल?

म्हणून तयार फळच काढा, नूतन झेल्याने, देठ राखून. म्हणजे चिकाचे डाग पडत नाहीत. वजनावर प्रतवारी करा, वर-खाली एकच माल भरा. आढी घाला, कार्बाईडला हात लावू नका, त्यावर कायद्यानेच बंदी आहे. काढणीची तारीख आणि खायला कधी होईल ते खोक्यावर लिहा. एखादे फळ साक्याचे निघाले तर बदली द्या. डझनामागे एक फळ गेले तरी चालेल, पण त्या घरचा फोन नंबर वहीत राहिला पाहिजे. पुढच्या वर्षी पहिला फोन त्यालाच करायचा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. जेटीजवळ, बसस्टँडजवळ गावच्या बागायतदारांना दोन महिने बसायला जागा द्या, फळ्यावर त्यांची नावे लिहा. माल तपासायला मी स्वतः येईन. मार्चच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.