सोलरवर डीजे नको, सोलरवर देखावा काढा



परवाच्या बॅचमध्ये चहाच्या वेळेला एक तरुण बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आमच्या तालुक्यात बारा डीजे झालेत. मी तेरावा. पण मी सोलरवर काढला तर? नवीन आयडिया आहे, मंडळं धावत येतील. सहा लाखांचं कर्ज मिळतंय. आईने पाटल्या ठेवायची पण तयारी दाखवलीय."

पोराची तळमळ खरी होती. सोलर आणि गाणं-बजावणं एकत्र आणायचं डोकंही चांगलंच. तरी मी त्याला सरळ सांगितलं, "पाटल्या राहू देत. तू चुकीच्या टोकाने सुरुवात करतोयस." का, ते आज तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी मोढेऱ्याला जाऊन येऊ

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोढेरा गाव आहे. तिथलं सूर्यमंदिर अकराव्या शतकातलं. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी हे गाव चोवीस तास सौर विजेवर चालणारं म्हणून जाहीर झालं. घरांवर एकेक किलोवॉटच्या तेराशेहून जास्त सिस्टिम बसवल्या, शिवाय ६ मेगावॉटचा जमिनीवरचा प्रकल्प आणि १५ मेगावॉट-तासाची बॅटरी उभी केली. त्याच कामात मंदिरावर संध्याकाळचा थ्रीडी प्रोजेक्शन शो सुरू झाला. दगडी भिंतीवर चित्रं हलतात, आवाजात इतिहास सांगितला जातो. सूर्याच्या देवळावर सूर्याच्याच विजेचा खेळ!

आता धंद्याच्या नजरेने बघा. पर्यटक तिथे बॅटरी बघायला जात नाही. तो मंदिर आणि खेळ बघायला जातो. सोलरची गोष्ट त्याला तिथे गेल्यावर कळते आणि मग तो घरी येऊन चार लोकांना सांगतो. पण कार्यक्रम रात्री आणि ऊन दिवसा. मधली बॅटरी काढून टाकली तर हा शो सौर विजेवर होऊच शकत नाही.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. क्रोएशियात झादर नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. निकोला बाशिच या वास्तुरचनाकाराने तिथे २००५ मध्ये किनाऱ्यावर दगडी पायऱ्या बांधल्या आणि आत ३५ नळ्या बसवल्या. लाटा आत हवा ढकलतात आणि पायऱ्यांमधून सूर निघतात. वीज लागतच नाही. शेजारी २००८ मध्ये त्यानेच २२ मीटर व्यासाचं काचेचं वर्तुळ केलं. दिवसा काचेखालचे सोलर पॅनेल वीज साठवतात, रात्री तेच वर्तुळ रंगीत दिव्यांनी उजळतं. लोक त्यावर नाचतात, मुलं धावतात. पॅनेल आहे म्हणून कुणी येत नाही, मजा आहे म्हणून येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: ग्राहक सोलरचे पैसे देत नाही, कार्यक्रमाचे देतो. म्हणून आधी असा कार्यक्रम निवडा जो बॅटरीत बसतो. बॅटरी बघून कार्यक्रम ठरवा, कार्यक्रम बघून कर्ज काढू नका.

डीजे का बसत नाही

वही घ्या. समजा डीजेची भिंत आणि लाइट मिळून सरासरी १० किलोवॉट खेचतात. चार तास चालवलं तर ४० युनिट. आपल्याकडे १ किलोवॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे १० किलोवॉटचे पॅनेल झाले. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, म्हणजे १००० चौरस फूट छप्पर आलं. वर ४० युनिटची बॅटरी, आणि ती उचलायला गडी. सहा लाख कुठे संपले ते कळणारही नाही.

आता छोटा कार्यक्रम घ्या. भावगीतांची मैफल, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, मंडळाचा प्रोजेक्शनवरचा देखावा.

- दोन पॉवर्ड स्पीकर आणि मिक्सर: सरासरी ३०० वॅट
- आठ एलईडी पार लाइट: साधारण ४०० वॅट
- एक प्रोजेक्टर: ३०० वॅट

एकूण १ किलोवॉट. तीन तासांना ३ युनिट. इन्व्हर्टरमधली घट धरली तर साडेतीन. ५ युनिटची लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची ठरवली तरी ४ युनिट हातात राहतात. म्हणजे बसलं! चार्जिंगला दीड ते दोन किलोवॉटचे पॅनेल घराच्या पत्र्यावर पुरतात.

माझी फजिती ऐका

हा हिशेब मी पुस्तकातून शिकलो नाही. ट्रेनर व्हायच्या आधी काही वर्षं मी साउंड भाड्याने द्यायचो. एका गावात कोजागरीला मैफल होती, लाइटीचा भरवसा नव्हता. मी छाती ठोकून सांगितलं, "जनरेटर नको, माझ्याकडे बॅटऱ्या आहेत." १५० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या. १५० गुणिले १२ गुणिले २, म्हणजे ३६०० वॅट-तास. लोड ९०० वॅट. भागाकार केला, चार तास आले. खूश!

दोन तास व्हायच्या आत सगळं बंद. माइक गेला, दिवे गेले. लेड-ॲसिड बॅटरी अशी भराभर उपसली की लेबलावरचा आकडा देत नाही आणि निम्म्याखाली नेली तर तिचं आयुष्यही जातं, हे मला माहीतच नव्हतं. गायिका बाईंनी मात्र पेटी जवळ ओढली आणि बिनमाइकचं गायल्या. लोक सतरंज्या उचलून पुढे सरकले. चांदण्यात तो कार्यक्रम उलट जास्त रंगला. मी मागे केबल गुंडाळत होतो, मान खाली घालून. उरलेले पैसे मी मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत.

त्या रात्री दोन गोष्टी शिकलो. एक, लेबलावरचा आकडा म्हणजे आपला माल नव्हे. दोन, लोकांना आवाज मोठा नको असतो, गाणं ऐकू यायला हवं असतं.

सीझन उलटा धरा

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग गणपतीपासून सुरू करतो." थांबा. गणपती येतात भाद्रपदात. आभाळ भरलेलं असतं, पॅनेल अर्धीमुर्धी वीज देतं, पावसात वायरी आणि दहा दिवस रोज कार्यक्रम. नवख्या माणसाने पहिली परीक्षा इथे देऊ नये. दिवाळी पहाटपासून सुरू करा. ऊन चांगलं असतं, कार्यक्रम दोन-तीन तासांचा, आवाज मोजका. पुढे हिवाळ्यात शाळांची संमेलनं, मग फाल्गुन-चैत्र-वैशाखात जत्रा आणि हरिनाम सप्ताह. ऊन भरपूर आणि कार्यक्रमही भरपूर. त्यानंतर गणपतीला हात घाला, तोही देखाव्यापुरता. पुण्यात लोक रात्र रात्र पायी फिरून देखावे बघतात. आपल्या तालुक्यातही चांगला देखावा कुणाला नकोय?

आणखी एक. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. डीजेवाल्याला हा नियम म्हणजे डोकेदुखी. तुमच्यासाठी तो गिऱ्हाईक आणणारा आहे. जनरेटरची धडधड नाही, धूर नाही, कीर्तनकाराच्या मागे डिझेलचा वास नाही. हे तुम्ही विकू शकता.

दर कसा काढायचा

समजा बॅटरी, इन्व्हर्टर, पॅनेल, स्पीकर, लाइट आणि जुना पण चांगला प्रोजेक्टर मिळून ३ लाख लागले (तुमचे आकडे तीन कोटेशन घेऊन काढा). ५ वर्षांत वसूल करायचे तर वर्षाला ६० हजार. वर्षाला ४० कार्यक्रम मिळाले तर एका कार्यक्रमावर यंत्रांचा भार १५०० रुपये. १५ च मिळाले तर ४००० रुपये. त्यावर टेम्पो, दोन माणसं, तुमची मजुरी, व्याज आणि नफा. म्हणजे तुमचा दर सोलर ठरवत नाही, कार्यक्रमांची संख्या ठरवते. म्हणून सुरुवातीला स्पीकर आणि प्रोजेक्टर भाड्याने आणा, स्वतःची फक्त बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्या. चाळीस तारखा दिसायला लागल्या की पुढचं बघू.

पोस्टरवर खोटं लिहू नका

यावर माझं मत कडक आहे. ढगाळ आठवड्यात तुम्ही बॅटरी घरच्या मीटरवर चार्ज केली, तर तो कार्यक्रम "१०० टक्के सोलर" नाही. "बॅटरीवर, जनरेटरविना" असं लिहा. तेवढं पुरतं. गावात कुणीतरी आयटीआय झालेला पोरगा असतोच, तो पहिल्या रांगेतून विचारणार. उत्तर देता आलं नाही की पुढची तारीख गेली.

सायकलचंही तसंच. कोल्डप्ले बँड जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत येऊन गेला. त्यांच्या या टूरची ख्याती अशी की प्रेक्षकांनी सायकल मारून आणि खास फरशीवर नाचून वीज करायची. वाचून बऱ्याच जणांनी मला फोन केले. हिशेब करा: साधा माणूस पेडल मारून ७५ वॅटच्या आसपास देतो. दहा जणांनी तासभर मारलं तरी पाऊण युनिट. विजेच्या बिलात ते दहा रुपयांच्या आतबाहेर! पण शाळेच्या मैदानात दहा सायकली ठेवा. पोरांनी पेडल मारलं की पडद्यावरचं चित्र उजळतंय, थांबलं की विझतंय. तो तास पोरं विसरणार नाहीत आणि मुख्याध्यापक पुढच्या वर्षी स्वतः फोन करतील. दहा रुपयांची वीज, पण कार्यक्रम किमती. धंदा त्या फरकात आहे.

या आठवड्याचं होमवर्क

१. आपल्या तालुक्यातले पुढच्या सहा महिन्यांतले १५ छोटे कार्यक्रम वहीत लिहा. तारीख, जागा, किती तास, आयोजक कोण.
२. त्यातल्या तीन आयोजकांना भेटा. सोलरबद्दल बोलू नका. मागच्या वर्षी कार्यक्रमात काय बिघडलं, एवढंच विचारा आणि ऐका.
३. ओळखीच्या साउंडवाल्याकडे जा आणि वॅटमीटर लावून खरा लोड मोजा. लेबल वाचू नका, मोजा.

त्या तरुणालाही हेच दिलंय. जाताना म्हणाला, "सर, पण बॅटरीवर छोटंच काम होईल." मी म्हटलं, "होऊ दे. पहिलं वर्ष छोटंच असावं." पाटल्या अजून आईच्या हातात आहेत. त्याची वही भरली की आपण व्हिडिओ करू, त्याची परवानगी असेल तर.

तुमच्याही वहीत किती तारखा भरल्या ते कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.